‘एक्झॅक्टली’ हा एक शब्द नीट शिकवणारा क्लास (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

हा रिव्ह्यू शिवाजी पेठेतल्या एका इंग्लिश क्लासचा आहे. क्लासला नाव नाही, बोर्ड नाही, रिक्षाच्या पाठीमागं जाहिरात नाही, जुन्या घराची माडी आहे आणि हायस्कूलला इंग्लिश शिकवून रिटायर झालेले एक सर तिथं संध्याकाळी बॅच घेतात. नाव कुठं टाकू नकोस असं सरांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही, पण ‘अर्धा शिवाजी पुतळा’ म्हणतात त्या चौकाच्या आसपास कुणालाही माडीवरचे इंग्लिशचे सर विचारा, घर दाखवतील.

निकाल आधीच सांगतो. क्लास एक नंबर आहे, पण सगळ्यांसाठी नाही. ज्याचा इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात आलाय आणि ज्याला फाडफाड बोलायचंय त्यानं इथं येऊ नये, त्याचं काम इथं होणार नाही. पण ज्याला इंग्लिश बऱ्यापैकी येतं, जो मेल लिहितो, फोनवर निभावून नेतो, आणि तरीही समोरचा परत परत विचारतो की तुम्हाला म्हणायचंय काय, त्यानं दुसरीकडं पैसे घालवायच्या आधी ही माडी चढून बघावी. मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटीत आहे, आमचा माल बाहेरच्या देशात जातो, दिवसातून चार मेल तिकडून येतात आणि प्रत्येक मेलात एक तरी ‘एक्झॅक्टली’ असतंच, त्यामुळं मला हा क्लास का भारी वाटला ते सविस्तर लिहितो, मोठं होईल, चालवून घ्या.

सरांची पद्धत अशी की एक शब्द घ्यायचा आणि त्याचा पिच्छा सोडायचा नाही. मी गेलो तेव्हा फळ्यावर ‘एक्झॅक्टली’ होता. पहिल्या दिवशी सरांनी इंग्लिश बोलायलाच लावलं नाही, म्हणाले हा शब्द तुम्ही घरात मराठी बोलताना कसा वापरता तेवढं लिहा. वह्यांमधनं काय काय आलं बघा, ‘एक्झॅक्टली कुठं आहेस?’, ‘मला एक्झॅक्टली माहीत नाही’, ‘एक्झॅक्टली! मी तेच म्हणालोय’, ‘एक्झॅक्टली दहा-बारा जण होते’. सर म्हणाले की बघा, हा शब्द आपण कधीच मराठी करून टाकलाय, बाजारात भाजीवालीसुद्धा वापरते, अडचण एवढीच की आपण तो मराठीच्या चालीनं वापरतो आणि इंग्लिश लिहायला बसलो की तीच चाल घेऊन जातो. इथनं पुढं जे काय शिकवलं ते सगळं ह्या एका वाक्याभोवती.

सगळ्यात आधी जागा. ‘मला एक्झॅक्टली माहीत नाही’ हे मराठीत शंभर टक्के बरोबर वाक्य आहे, कारण आपल्याकडं असला शब्द क्रियेच्या आधी येतो आणि ‘नाही’ शेवटाला बसतं. आता हेच शब्द त्याच क्रमानं उचलून इंग्लिशमध्ये ठेवले की होतं ‘आय एक्झॅक्टली डोन्ट नो’. हे वाक्य भारतातल्या कुठल्याही ऑफिसात दिवसभर ऐकायला मिळतं आणि इंग्लिश जन्मभाषा असलेला माणूस असं बोलत नाही. तो म्हणतो ‘आय डोन्ट नो एक्झॅक्टली’ किंवा ‘आय डोन्ट एक्झॅक्टली नो’. नाही आधी, एक्झॅक्टली नंतर. सरांनी कारण पण सांगितलं, की तुम्हाला म्हणायचंय काय तर थोडंफार माहीत आहे पण नेमकं माहीत नाही, म्हणजे नकार ‘नेमकं’ला आहे, म्हणून नकार त्याच्या पुढं उभा राहायला पाहिजे. हे एकदा डोक्यात बसलं की पाठ करायला काही राहत नाही.

आणि जागा बदलली की अर्थ कसा सरकतो हे दाखवायला सरांनी कुठलं उदाहरण घेतलं असेल तर अंबाबाईच्या किरणोत्सवाचं. कोल्हापुरातल्या पोराला हे सांगायला लागत नाही, ३१ जानेवारी आणि ९ नोव्हेंबरला मावळतीची किरणं देवीच्या पायाशी, १ फेब्रुवारी आणि १० नोव्हेंबरला छातीपर्यंत, २ फेब्रुवारी आणि ११ नोव्हेंबरला चेहऱ्यापर्यंत. देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे, किरणं महाद्वारातनं गरुड मंडपातनं सरळ गाभाऱ्यात येतात. आता इंग्लिशमध्ये ‘एक्झॅक्टली’ पायाच्या आधी ठेवला तर तुम्ही सांगताय की किरण दुसऱ्या कशावर पडत नाही, पायावरच पडतो. तारखेच्या आधी ठेवला तर सांगताय की एक दिवस इकडं तिकडं होत नाही. दिवसांच्या आकड्याच्या आधी ठेवला तर सांगताय की तीनच दिवस, चार नाहीत. शब्द तोच, वाक्यातली बाकीची भांडीकुंडी तीच, फक्त तो ज्याच्या पुढं उभा राहतो त्याला पक्कं करतो. मग एका मॅडमनी विचारलं, सर पण ढग आले किंवा वाटेत काही अडथळा आला तर किरणं पोचतच नाहीत की काही वर्षी, तेव्हा काय लिहायचं? सर खूश झाले. म्हणाले म्हणूनच ‘ऑलवेज एक्झॅक्टली’ लिहायचं धाडस करू नका, जे खात्रीचं आहे त्याच्याच पुढं हा शब्द ठेवा, उरलेल्याला ‘युजुअली’ लावा. ह्या एका तासासाठी मी अख्खी फी अजून एकदा भरायला तयार आहे.

उच्चार फार वेळ नाही घेतला पण कामाचा होता. आपण ‘एक्सॅक्टली’ म्हणतो, ‘एक्झॅटली’ म्हणतो, तिकडं तो ‘इग्झॅक्ली’च्या जवळ जातो, मधला ट जवळजवळ गिळतात. एक्स अक्षराच्या पुढच्या स्वरावर जोर असेल तर ‘ग्झ’, म्हणून एग्झाम, एग्झाम्पल, एग्झिस्ट, आणि जोर आधीच पडून गेला असेल तर ‘क्स’, म्हणून एक्सरसाइज, एक्सलंट. बास, एवढंच. पण हे मला इंजिनिअरिंगपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

मग शब्दाचं मूळ. मला वाटलं हे रटाळ होईल, पण उलट झालं. लॅटिनमध्ये एक क्रियापद आहे, एक्सिगेरे, त्याचा अर्थ बाहेर काढणे, मागून घेणे, वसूल करणे आणि मोजून पारखून घेणे. त्यापासनं एक्झॅक्ट. म्हणजे पै न पै मोजून पूर्ण घेतलेलं. इंग्लिशमध्ये ‘एक्झॅक्ट’ हे क्रियापद म्हणून आजही ह्याच अर्थानं आहे, कर एक्झॅक्ट करतात, सूड एक्झॅक्ट करतात, म्हणजे उगवून घेतात. आणि ‘एक्झॅक्टिंग’ बॉस म्हणजे बरोबर असलेला बॉस नव्हे, कामात रेषभर सूट न देणारा, काटेकोर. आमच्या बॅचमध्ये पतसंस्थेत वसुलीला असलेला एक मुलगा होता, त्याला हा शब्द जन्मात विसरायचा नाही असं झालं.

आता माझा आवडता भाग, आकडे. इथं सरांनी स्वतः कमी बोलून आमच्याकडनं जास्त काढून घेतलं, आणि हे मला फार आवडलं कारण प्रत्येकाच्या धंद्यात ह्या शब्दाची एक वेगळी परीक्षा आहे. मला उभं केलं आणि विचारलं, तुमच्याकडं शाफ्टचा डायमीटर ‘एक्झॅक्टली ४० एमएम’ आहे असं तुम्ही लिहू शकता का? लिहू शकत नाही. ड्रॉइंगवर ४० प्लस मायनस काहीतरी असतं, ह्या चालणाऱ्या फरकालाच टॉलरन्स म्हणतात, मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर दिसणारं सगळ्यात लहान माप, ०.०१ असतो, त्यावर ४०.०० दिसलं म्हणजे ४०.००३ नसेलच असं कोण सांगणार, मोजलेली कुठलीही गोष्ट एक्झॅक्ट नसते, ती एका मर्यादेत असते. पण डबा भरताना १२० पीस मोजले तर ते ‘एक्झॅक्टली १२०’ लिहायचे आणि लिहायलाच पाहिजेत, कारण पीस साडेएकशेवीस होत नाहीत. मोजदाद वेगळी, मोजमाप वेगळं. कस्टमरला मेल करताना हा फरक पाळला की तो तुमच्यावर विश्वास टाकतो, ‘साइज इज एक्झॅक्टली ४०’ असं लिहिणारा सप्लायर त्याला कच्चा वाटतो, आणि ‘मेजर्ड ४०.०१, विदिन टॉलरन्स’ लिहिणारा पक्का वाटतो.

पण एक आकडा आमच्या धंद्यात असा आहे जो मोजमापाचा असून एक्झॅक्टली आहे, आणि तो सांगितल्यावर क्लासमध्ये सगळे गप्प होऊन ऐकत होते. १ इंच म्हणजे एक्झॅक्टली २५.४ मिमी. राउंड करून २५.४ केलेलं नाही, पुढं शून्यच शून्य. आधी अमेरिकेचा इंच आणि ब्रिटनचा इंच ह्यात अगदी बारीक का होईना पण फरक होता, अमेरिकेचा २५.४ च्या किंचित वर आणि ब्रिटनचा किंचित खाली, मग १९५९ ला अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका ह्यांनी मिळून ठरवलं की यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर, त्यावरनं इंच २५.४ मिमी. ठरवलेला आहे म्हणून एक्झॅक्ट. सरांनी लगेच फळ्यावर ‘बाय डेफिनिशन’ लिहिलं आणि म्हणाले ह्या दोन शब्दांबरोबर ‘एक्झॅक्टली’ बिनधास्त येऊ द्या. तसंच किलोचं. २०१९ पर्यंत किलो म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता, तो ठोकळा एक्झॅक्टली १ किलो होता कारण किलोची व्याख्याच तो होता, आणि २० मे २०१९ पासनं ती व्याख्या प्लांक स्थिरांकावर, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या एका कधीच न बदलणाऱ्या आकड्यावर गेली, ठोकळ्याचा तो मान संपला.

गुजरीत सोन्याचं काम करणारे एक दादा पण बॅचला होते, वयानं आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे, पोरगं कॅनडाला असल्यामुळं इंग्लिश शिकायला लागलेले. त्यांनी तोळ्याचं सांगितलं. बाजारात बोलताना तोळा म्हणजे १० ग्रॅम धरून चालतात, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आता परगावच्या किंवा परदेशातल्या गिऱ्हाइकाला ‘वन तोळा इज एक्झॅक्टली टेन ग्रॅम्स’ लिहिलं आणि त्यानं पुस्तकात बघितलं तर भांडणच की. दादा म्हणाले, म्हणजे ओ सर, एक्झॅक्टली म्हणायच्या आधी कुठला तोळा ते सांगायचं. सरांनी हे वाक्य सगळ्यांना वहीत लिहून घ्यायला लावलं.

ह्याच ओघात ‘एक्झॅक्टली दहा-बारा’ निकालात निघालं. दहा-बारा म्हटल्यावर अंदाज आला, अंदाज आला की एक्झॅक्टली गेला, तिथं ‘अबाउट’ किंवा ‘अराउंड’. आणि वेळेचं असं की ‘अ‍ॅट एक्झॅक्टली टेन’ चालतं, ‘टेन ओ’क्लॉक एक्झॅक्टली’ चालतं, ‘टेन शार्प’ चालतं पण शार्प वेळेच्या मागंच येतो, पुढं येत नाही, आणि तो फक्त वेळेलाच, १२० पीस शार्प म्हणायचं नाही. ‘एक्झॅक्ट’ आणि ‘एक्झॅक्टली’ची गल्लत पण इथंच सोडवली, ‘टेल मी एक्झॅक्ट’ असं अर्धवट ठेवायचं नाही, ‘टेल मी द एक्झॅक्ट टाइम’ म्हणा नाहीतर ‘टेल मी एक्झॅक्टली व्हेन’ म्हणा.

आता जे मी कुठल्याच क्लासला, कुठल्याच ॲपवर बघितलं नव्हतं ते. सर म्हणाले तुम्ही सगळे एक्झॅक्टलीला मराठीत ‘नेमकं’ म्हणता, बरोबर आहे, पण नेमकंला एक पोटात दुसरा अर्थ आहे तो इंग्लिशमध्ये जात नाही. ‘नेमका आजच पाऊस आला’, ‘नेमका मी निघालो आणि केएमटीची बस गेली’, ‘नेमकी पाहुणे आल्यावरच लाईट गेली’. इथं नेमकंचा आणि अचूकपणाचा काही संबंध नाही, इथं आपण वैतागलोय, नशिबाला बोलतोय. ‘एक्झॅक्टली टुडे इट रेन्ड’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वैताग पोचत नाही, त्याला वाटतं ह्यानं तारखेची खात्री करून दिली. त्याला इंग्लिशमध्ये म्हणायचं ‘टुडे, ऑफ ऑल डेज’. किंवा ‘इट हॅड टु रेन टुडे’. ‘हॅड टु’ म्हणजे इथं ‘करावं लागणं’ नाही, आमचं ‘आजच यायचा होता व्हय’ तसलं. मी हे ऐकल्यावर आठवडाभर घरात, कंपनीत, चहाच्या गाड्यावर फक्त ‘नेमकं’ ऐकत होतो आणि खरंच निम्म्याहून जास्त वेळा माणसं ते वैतागूनच म्हणत असतात. डिस्पॅच लेट झाला की आपण कस्टमरला हेच कळवत असतो ना, नेमकी त्याच दिवशी गाडी बंद पडली, तर ते ‘एक्झॅक्टली ऑन दॅट डे’ लिहिलं की कोरडं वाटतं, ‘ऑन दॅट डे, ऑफ ऑल डेज’ लिहिलं की समोरच्यालाही आपली हळहळ कळते.

‘बरोबर’चं पण असंच. ‘बरोबर नऊला ये’ मध्ये तो एक्झॅक्टली आहे, ‘तुझं बरोबर आहे’ मध्ये राइट आहे, ‘माझ्याबरोबर चल’ मध्ये विथ आहे. ‘अगदी तसंच’ मध्ये अगदी हा एक्झॅक्टली आहे पण ‘अगदी थकलोय’ मध्ये नाही. आणि ‘च’ तर सगळ्यात छोटा, ‘हेच पाहिजे होतं’, ‘धिस इज एक्झॅक्टली व्हॉट आय वॉन्टेड’. आपण एका अक्षरात जे काम करतो त्याला तिकडं अख्खा शब्द लागतो.

कॉलवरचं ‘एक्झॅक्टली’ ह्यावर सरांनी एक पूर्ण संध्याकाळ घेतली आणि ती लागतच होती. समोरचा काही म्हणाला आणि तुम्हाला ते पूर्ण पटलं, तुमच्याच मनातलं बोलला, की ‘एक्झॅक्टली!’ म्हणायचं, एवढा एकटा शब्द पुरतो. पण तो फक्त समोरच्याच्या म्हणण्याला दुजोरा आहे. ‘कॅन यू सेंड इट टुडे?’ असं विचारल्यावर ‘एक्झॅक्टली’ हे उत्तर होत नाही, ती विनंती आहे, तिथं ‘येस, वुई कॅन’ पाहिजे. आणि त्यानं नवीन माहिती दिली, म्हणजे जहाज मंगळवारी सुटणार म्हणाला, तर त्यालाही ‘एक्झॅक्टली’ म्हणायचं नाही, कारण त्याचा अर्थ होतो की हे मला आधीच माहीत होतं, तू आत्ता बरोबर ओळखलंस. तिथं ‘आय सी’, ‘नोटेड’, ‘ओके’. सर आम्हाला जोड्या करून बसवायचे, एकानं वाक्य टाकायचं आणि दुसऱ्यानं ठरवायचं की इथं एक्झॅक्टली बसतो का नाही. ऐकायला पोरखेळ वाटेल पण कॉलवर जीभ आपोआप थांबायला लागते.

आणि प्रश्नातलं. ‘व्हेअर एक्झॅक्टली इज द ऑफिस?’ ह्यात काही वावगं नाही, रंकाळा म्हटल्यावर रंकाळ्याला कुठं असं आपण पण विचारतोच, टॉवरजवळ का पदपथ उद्यानाजवळ. पण ‘व्हॉट एक्झॅक्टली इज युवर प्रॉब्लेम?’ हे बोललं की भांडणाला सुरुवात झाली असं समजा. ‘व्हॉट एक्झॅक्टली डू यू मीन?’ सुद्धा आवाज कसा आहे त्यावर आहे, मेलमध्ये आवाज नसतो म्हणून तो कडकच वाचला जातो. माहिती हवी असेल तर ‘कुड यू टेल मी एक्झॅक्टली व्हिच पीसेस आर अफेक्टेड’, म्हणजे एक्झॅक्टली राहू दे पण वाक्याची सुरुवात मऊ करा. क्वालिटी कम्प्लेंटच्या मेलला हे सोन्यासारखं वाक्य आहे, मी आता तेच वापरतो, आणि उत्तरात लॉट नंबर, फोटो, पीसची संख्या सगळं एका दमात येतं.

‘नॉट एक्झॅक्टली’चे दोन तोंडं आहेत. कुणी विचारलं तुम्ही तिथले मॅनेजर का, तर ‘नॉट एक्झॅक्टली’ म्हणजे अगदी तसं नाही, पण जवळपास आहे, पुढं सांगतो. हे सोपं. पण ‘ही इज नॉट एक्झॅक्टली जनरस’ म्हणजे तो थोडा कमी उदार आहे असं नव्हे, तो चिक्कू आहे. हे वाचताना आपल्याकडं माणसं फसतात, परदेशी कस्टमरनं ‘द फिनिश इज नॉट एक्झॅक्टली व्हॉट वुई एक्स्पेक्टेड’ लिहिलं की इथं वाटतं बारीक काहीतरी असेल, आणि तिकडं तो चांगलाच नाराज असतो. सर म्हणाले मराठीत आहे की हे, ‘तो काय अगदी साधा नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला काय म्हणायचं असतं? मग सगळ्यांच्या लक्षात आलं.

‘प्रिसाइसली’ला सरांनी थोडाच वेळ दिला, मूळ अर्थ कापून काढलेलं, जरा जास्त औपचारिक, आणि ‘नेमकं त्याच कारणामुळं’ म्हणायचं असेल तर ‘प्रिसाइसली बिकॉज’ जास्त शोभतं. ॲक्युरेट आणि प्रिसाइसचा फरक आम्हा क्वालिटीवाल्यांना रोजचा आहे, गेज, म्हणजे मोजायचं साधन, दर वेळी सारखंच रीडिंग देतोय पण चुकीचं देतोय तर तो प्रिसाइस आहे, ॲक्युरेट नाही. ‘जस्ट’ आणि ‘राइट’ तेवढे राहिले, ‘राइट इन द मिडल’, ‘जस्ट व्हॉट आय नीडेड’, बोलण्यात हे एक्झॅक्टलीचंच काम हलक्या हातानं करतात. इथं मला वाटतं सरांनी अजून वेळ द्यायला पाहिजे होता, कारण बोलताना माणसं हेच जास्त वापरतात.

आता उणिवा. वेग फार कमी आहे, एका शब्दावर इतका वेळ हे सगळ्यांना झेपत नाही, आमच्या बॅचमधले काही जण मध्येच सोडून गेले आणि मला ते चुकीचे वाटत नाहीत, त्यांना लवकर बोलायला लागायचं होतं. बोलायचा सराव पाहिजे तितका होत नाही, लिहिण्यावर जोर जास्त. छापील नोट्स नाहीत, जे काय ते फळ्यावर, एक दिवस चुकला की दुसऱ्याची वही मागायची. ऑनलाइन काही नाही, रेकॉर्डिंगला सर नाही म्हणतात. माडीचा जिना उभा आहे, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी जिना बघून यावं, गुजरीचे दादा कठडा धरून धरून चढायचे. उन्हाळ्यात माडी तापते, पंखा एकच. गाडी लावायला पेठेत जागा मिळत नाही, सणावाराला तर मिरजकर तिकटीपासनंच चालत आलेलं बरं.

तुलना करायची तर मी आधी शहरातल्या एका मोठ्या क्लासला जाऊन आलोय, एसी, प्रोजेक्टर, गळ्यात आयकार्ड, सगळं. तिथं दर तासाला शब्दांची यादी मिळायची आणि यादीत एक्झॅक्टलीच्या पुढं ‘बरोबर, अचूक’ एवढं लिहून पुढचा शब्द. यादी माझ्याकडं अजून आहे. त्या यादीवरनं ‘आय एक्झॅक्टली डोन्ट नो’ चूक का, ‘नेमका आजच पाऊस’ कसा सांगायचा, कस्टमरचं ‘नॉट एक्झॅक्टली’ किती गंभीर घ्यायचं, ह्यातलं एकही कळत नाही. तिथं शिकवणारी पोरं मनापासनं शिकवत होती, पण साठ जणांच्या बॅचमध्ये प्रत्येकाचा धंदा कोण विचारणार. सर विचारतात. माडीवर तुम्ही काय काम करता ह्यावर तुमची वाक्यं ठरतात, वसुलीवाल्याला वसुलीची, नर्सिंगच्या मॅडमना डोसची, कारण ‘एक्झॅक्टली ५ एमएल’ आणि ‘अबाउट ५ एमएल’ ह्यात पेशंटचा जीव असतो असं त्या स्वतःच म्हणाल्या, आणि त्यावर पण वाद झाला की सिरिंजवर मोजलेलं एक्झॅक्ट कसं, तर सरांनी मान्य केलं की रोजच्या व्यवहारात जेवढी मोजणी कामाला पुरते तेवढ्याला एक्झॅक्टली म्हणतात, मशीन शॉपची व्याख्या दवाखान्यात लावायची नाही. हे मला पटलं. शब्द तोच, पण किती बारकाईला तो पुरा पडतो हे जागेवर ठरतं.

फी मोठ्या क्लासच्या निम्म्यापेक्षा कमी आहे, महिन्याची महिन्याला द्यायची, ॲडव्हान्स घेत नाहीत, आणि शिकणारी पोरं असतील तर सर अजून कमी करतात. बॅच छोटी असते म्हणून लगेच जागा मिळेलच असं नाही, दिवाळीनंतर नवीन सुरू होते. बॅचला येताना वेळेवर या, वेळेच्या बाबतीत सर कडक आहेत, उशीर झाला तर तो तास जिन्यात बसून ऐकायला लागतो. भेटायला जाताना तुमचे तुम्ही लिहिलेले पाच-सहा मेल प्रिंट काढून घेऊन जा, कंपनीचं नाव आणि आकडे खोडून, ते बघूनच सर सांगतात की तुम्हाला ह्या क्लासचा उपयोग आहे का नाही, आणि नसेल तर तसं तोंडावर सांगून परत पाठवतात.